सहाव्या दिवशी गप्प राहायचं

विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढायचं ठरलं, तेव्हा ते सांगायला सचिवकाका स्वतः घरी आले होते. निवृत्त तलाठी माणूस, तोंडावर सांगितल्याशिवाय कोणाचं नाव खोडायचं नाही ही जुनी सवय. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "राग नको मानजो बाई. पण मी ग्रुपवर वंदनेची वेळ टाकली का तिच्या खाली तुहा डबा येते. कोणी वारलं ते टाकलं, त्याच्याही खाली तुहा डबा. लोक मले विचारून राह्यले, काका, हा डबा विहारातर्फे आहे का?"

आत सासूबाई खुदकन हसल्या. मी नाही हसले. माझं डोकंच फिरलं. "काढायचं तर आत्ताच काढा, माझ्यासमोर," म्हणाले. काकांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं, त्यांना बटणच सापडेना. शेवटी ते मीच दाखवलं. माझ्या बोटानं मी मला ग्रुपमधून काढलं, असंच म्हणायला हवं.

डबा म्हणजे ताकदीच्या पावडरीचा डबा. त्याआधी मी सेलूतल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. शाळा बंद पडली, मी घरी बसले. नवरा एसटीत कंडक्टर, तो दिवसभर गाडीवर. घरात मी आणि सासूबाई. पगार गेल्याचं मला तितकं लागलं नाही, खरं सांगते. बाजारातून जाताना मागून कोणीतरी पोरगं 'मॅडम' म्हणून हाक मारायचं, ते थांबलं, ते फार लागलं. अशात वर्ध्याच्या एका हॉलमध्ये कोणीतरी ओळखीनं नेलं. तिथं स्टेजवरच्या एका झुळझुळीत साडीतल्या बाईनं माझ्याकडं हात करून शंभर माणसांसमोर म्हटलं, "ह्या माझ्या पुढच्या लीडर!" झालं. मी घसरले. ती बाई माझी अपलाइन झाली, म्हणजे मला कंपनीत आणणारी, माझ्यावरची. गंमत बघा, आता 'मॅडम' मी तिला म्हणत होते.

ग्रुपमधून हकालपट्टी झाल्याचं मी मॅडमला रडत सांगितलं. तिनं मला आणि आणखी तिघींना वर्ध्याला घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं. "तुम्ही लोकांना छळता," म्हणाली. "लिंका फेकता, फोटो फेकता. तो कचरा आहे. कचरा टाकणाऱ्याला कोण दारात उभं करतं? वस्तू विकू नका. माणूस जोडा." आणि मग तिनं सात दिवसांची रीत सांगितली. पहिल्या दिवशी त्या माणसाचा एखादा जुना फोटो शोधायचा, त्यावर लाल बदामाचं चिन्ह द्यायचं, दोन शब्द लिहायचे. दुसऱ्या दिवशी घरच्यांची चौकशी. तिसऱ्या दिवशी तब्येत विचारायची. चौथ्या दिवशी आपलं स्वतःचं एखादं दुखणं सांगायचं, म्हणजे समोरचा मोकळा होतो. पाचव्या दिवशी टाइप करायचं नाही, आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, कारण आवाजात माया असते. सहाव्या दिवशी गप्प राहायचं, एक अक्षर नाही. "त्यांनाच वाटलं पाहिजे, आज का नाही बोलली? आणि सातव्या दिवशी," मॅडमनं हात जोडल्यासारखे केले, "सहज. अगदी सहज. मनात आलं म्हणून सांगते, अशा सुरात."

मला ते इतकं सभ्य वाटलं! वाटलं, हेच तर राहिलं होतं. कोणाला त्रास नाही, उलट विचारपूसच. घरी येऊन उत्साहानं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "याले ताकाले जाऊन भांडं लपवणं म्हणतात."

"तसं नाही हो," मी म्हणाले.

"तसंच आहे व माय. ताक पायजे त भांडं दाखव. देणारा देईल, नाई त नाई देणार."

मी ऐकलं नाही. उलट एक वही केली. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला दुखणं. अमुक बाई, गुडघे. तमुक बाई, शुगर आणि सुनेशी पटत नाही. शाळेत मुलांच्या प्रगतीच्या वह्या जशा नीट ठेवायची, तशी नीट ठेवली होती, आता आठवलं की अंगावर काटा येतो. आणि एक सांगू? त्या वहीमुळे मी खरोखर चांगली बाई झाले होते. कोणाच्या पोराची परीक्षा कधी आहे, कोणाच्या भावाचं ऑपरेशन कधी, मला सगळं पाठ. बायका म्हणायच्या, तुमच्याइतकं कोणी विचारत नाही हो. डबेही खपू लागले.

मग मी खिरीत माती कालवली. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि शेवटी खीरदान होतं. त्या वर्षी खिरीचा मान आमच्या घराला आला होता. मी खिरीत दोन मोठे चमचे पावडर ढवळली. कोणाला सांगितलं नाही. मॅडमच म्हणाली होती, दाखवू नका, चव घेऊ द्या, ओढ लागू द्या. बायकांनी वाट्या पुढं केल्या, पुन्हा मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेटस टाकलं: 'कालच्या खिरीची गोडी कशाची होती, ओळखा पाहू!' ना लिंक, ना किंमत. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, बाप्पा! दुपारपर्यंत तीन बायका दारात. त्यातली सगळ्यात म्हातारी, जी रोज वाचनाला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी टाकायची, ती एकच वाक्य बोलली.

"दानात धंदा कालवला तू."

तिथून पुढं मी कोणाला 'गुडघा कसा आहे' म्हटलं की ती बाई 'बरा आहे, बरा आहे' म्हणायची आणि लंगडत निघून जायची.

सेलू संपलं. मॅडमनं फोनवर विचारलं, "अजून कोण आहे? तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारं एक तरी माणूस असेलच." एक होतं. समुद्रपूरला. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो, एका डब्यातून जेवलो. लग्न होऊन ती समुद्रपूरला गेली. नवरा लवकर गेला. शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून तिनं पोरगी शिकवली, पोरगी पुण्याला कामाला लागली. आता ती एकटी. आमचं बोलणं वर्षातून दोनदा, तेही गडबडीत. मी वहीत तिचं नाव लिहिलं. उजव्या बाजूला काय लिहावं कळेना, मग 'एकटी' लिहिलं.

पहिल्या दिवशी मी तिच्या लग्नातल्या फोटोवर बदाम दिला. दुसऱ्या दिवशी पोरीचं विचारलं. तिसऱ्या दिवशी तब्येत. चौथ्या दिवशी शाळा बंद पडल्यापासून मला झोप लागत नाही हे सांगितलं, आणि ते खरंच होतं. पाचव्या दिवशी चार मिनिटं आवाजात बोलले, तिला शाळेतल्या नावानं हाक मारून. सहाव्या दिवशी गप्प राहिले. सातव्या दिवशी फोन केला तर ती पहिल्याच घंटीला म्हणाली, "काऊन नाई बोलली वं काल? मी मशीन बंद करून बसली होती, म्हटलं आता येते तुहा फोन, मंग येते."

मॅडमची रीत अगदी बरोबर निघाली होती. त्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला.

डब्याचं सांगितलं तर तिनं काय आहे, कितीला आहे, काही विचारलं नाही. "तुले चांगलं वाटते नं? मंग पाठव." महिन्याभरात ती माझ्या खाली कंपनीत आली. मग तिला शिकवायला मी समुद्रपूरला गेले. तिनं पाटवडीची भाजी केली होती. जेवण झाल्यावर कापडाच्या तुकड्यांतून जागा करून आम्ही बसलो, आणि मी मॅडमच्या सुरात सुरू झाले: लिंक फेकायची नाही, छळायचं नाही, माणूस जोडायचा. ती ब्लाउजची मापं लिहायच्या वहीतच लिहीत होती. पहिला दिवस, जुना फोटो. दुसरा, घरचे. तिसरा, तब्येत. पाचव्यापर्यंत लिहिलं आणि तिचा पेन थांबला.

"हे तू माह्यासंगंही केलतं?"

मी हसले. कसं हसले कोण जाणे, पण हसले. "अगं, तुझं वेगळं. तुझं मी खरंच विचारलं होतं."

तिनं पेनाचं टोक कापडाच्या तुकड्यावर पुसलं. मग मान खाली घालून लिहिलं, सहावा दिवस, गप्प. सातवा दिवस. वही मिटली आणि विचारलं, "चहा ठेवू का?" मी निघाले तेव्हा ती स्टँडवर सोडायला आली, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. मला वाटलं, मिटलं. काय डोंबल मिटलं!

पुढचं वर्षभर तिनं ते केलं. मला वाटतं माझ्यासाठीच केलं. मॅडम मात्र एक दिवस दुसऱ्या कंपनीत गेली, तिकडून आमच्याकडं बघेनाशी झाली. माझ्या पलंगाखालच्या डब्यांची तारीख उलटली. मी वही चुलीत घातली, पावडर उकिरड्यावर ओतली आणि सगळं सोडलं. तिला मात्र ते सांगायचं धाडस झालं नाही. तिच्या घरात डबे मीच भरले होते. आज करू, उद्या करू म्हणत फोन केला नाही, आणि न केलेल्या फोनाचं असं असतं की तो रोज जड होत जातो. तिचाही आला नाही. वर्ष गेलं.

मध्यंतरी माझ्यावर ती रीत उलटली. कारंजाच्या एका मावसबहिणीनं अचानक माझी चौकशी सुरू केली. जुन्या फोटोवर बदाम. घरचे कसे आहेत. झोप लागते का. आवाजातला निरोप आला तो ऐकून माझे डोळे भरले, म्हटलं, आहे बाई कोणीतरी. मग एक दिवस काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी केसाच्या तेलाची बाटली. माय वं, मी इतकी चिडले! तिच्यावर नाही, माझ्यावरच. मी शिकवत होते ते मलाच ओळखू आलं नव्हतं. त्या दिवसापासून कोणीही 'कशी आहेस' म्हटलं की माझी बोटं आपोआप मोजू लागतात. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकत होते.

अशात होळीनंतरच्या आठवड्यात मोबाइल वाजला, समुद्रपूरची मैत्रीण होती. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो मी कधीकाळी फेसबुकवर टाकला होता, त्यावर तिचा बदाम. खाली लिहिलेलं, 'किती बारीक होतो आपण.' अंगठ्यानं करंगळीचं पहिलं पेर दाबलं. एक.

दुसऱ्या दिवशी मेसेज. 'घरचे कसे आहेत? सासूबाई बऱ्या आहेत?' दोन. मी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी. 'तुही तब्येत कशी आहे? झोप लागते का आता?' मी ओट्यापाशी उभी होते. मोबाइल पालथा घातला. सासूबाईंनी विचारलं कोण आहे, तर म्हणाले, "कोणी नाही, धंदा."

चौथ्या दिवशी. 'मले आजकाल लय थकवा येते वं. जेवण जात नाई.' मी मोठ्यानं हसले. अगदी शब्दाला शब्द. मीच तर लिहून दिलं होतं, आपलं एखादं दुखणं सांगायचं. मनात म्हणाले, माझ्यावरच चालवतेस होय? चालव. शिकवणारीवर चालव.

पाचव्या दिवशी आवाजातला निरोप आला. एक मिनिट काही सेकंदांचा. मी तो उघडलासुद्धा नाही. आवाजात माया असते, ते मला ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी काही आलं नाही. आणि मी, हो, मीच, समाधानानं मान हलवली. बरोबर. सहावा दिवस. गप्प राहायचं. उद्या काय उत्तर द्यायचं ते मी रात्रीपर्यंत मनात घोळवत होते, चांगलं टोचेल असं.

सातव्या दिवशी काही आलं नाही. आठव्याही नाही. मला राग आला की इतकी तयारी करून बसले आणि ही येत का नाही. नवव्या दिवशी नवरा ड्यूटीवरून आला, जेवायला बसला, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "समुद्रपूरच्या स्टँडवर तुह्या मैत्रिणीची जाऊ भेटलती. तुही मैत्रीण वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे म्हणे. ऑपरेशन झालं. तुले माहीत नाई?"

मी ताटावरून उठले. मोबाइल घेऊन मागच्या अंगणात गेले आणि तो निरोप उघडला. आधी नुसता मशीनचा आवाज आला, मग तो थांबला.

"आयक नं. हे मी काही विकायसाठी नाई पाठवून राह्यली, आधीच सांगते. ते डब्याचं मी दिवाळीलेच सोडलं. मले पोटात गाठ निघाली वं. वर्ध्याले बोलावलं उद्या सकाळी, म्हणते संगं कोणाले तरी आणजा. पोरीले सांगितलं नाई, ते घाबरते. तू येशील का? काही करू नको, फक्त बाहीर बाकावर बस. तू बसली आहे माहीत असलं का मी आत जाईन. नाई जमलं त नाई म्हणजो, राग नाई. पण सांगजो. म्हणजे मी वाट नाई पाहणार."

तीनदा ऐकला. मग कळलं ते असं की मॅडमनं ती रीत काही आकाशातून आणली नव्हती. माणूस माणसाजवळ तसाच येतो. आधी जुनी आठवण काढतो, मग घरचं विचारतो, मग तब्येत, मग हळूच आपलं दुखणं सांगतो, मग बोलतो. आणि जेव्हा काहीच उरत नाही, तेव्हा गप्प होतो. आम्ही तेच उचललं होतं. आमच्या हातून गेल्यावर दुसऱ्याला वापरायला काही राहिलंच नव्हतं, तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वर्ध्याला गेले. मुद्दाम रिकाम्या हातानं गेले. आजाऱ्याला भेटायला आपल्याकडं कोणी रिकाम्या हातानं जात नाही. केळी घेतात, बिस्किटाचा पुडा तरी घेतात. पण माझ्या हातात पिशवी दिसली तर तिला काय वाटेल, या भीतीनं स्टँडवरच्या गाड्यापाशी उभी राहून तशीच पुढं निघाले.

ती खिडकीजवळच्या पलंगावर होती. निम्मी झालेली. तिची जाऊ मला जागा करून देत म्हणाली, "बरं झालं आली तुम्ही. त्या दिवशी आत न्यायच्या टाइमले सारखी दारात पाहून राह्यली होती. आम्ही म्हटलं, कोणाची वाट पाह्यतं, त म्हणे कोणाची नाई." आणि ती औषधं आणायला खाली गेली.

आम्ही दोघीच उरलो. काय बोलू? मला माफी मागायची होती. सांगायचं होतं की मी दिवस मोजत बसले, मी निरोप उघडला नाही, मी हसले. पण आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर तोंडातून आधी जे निघतं तेच निघालं.

"तब्येत कशी आहे वं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आज तिसरा दिवस का?" तिनं विचारलं.

"नाही वं. खरंच विचारते."

असंच वाक्य मी तिच्या घरात, कापडाच्या तुकड्यांत बसून एकदा म्हणाले होते, याच सुरात. ते आम्हा दोघींना एकदमच आठवलं असावं. ती थोडी हसली, ओठांनीच.

"बरी आहे," म्हणाली.

तेवढ्यात नर्स आली. कोवळी पोरगी, हातात कागद लावलेली पाटी, नजर सलाइनवर. ती पलंगाच्या पलीकडून घाईघाईनं म्हणाली, "कसं वाटते काकू आज?" आणि माझी मैत्रीण तिच्याकडं वळली. टाके ओढतात, म्हणाली. पाणी प्यायलं तरी मळमळते. रात्रभर झोप नाई. अन् डोळे मिटले का भेव लागते बाई, वाटते उघडनारच नाई. हे ऐकता ऐकता मी तिचा हात धरायला हात पुढं केला होता, तो तसाच चादरीवर राहिला. नर्सनं त्यातलं अर्धं लिहून घेतलं, बाटली तपासली आणि शेजारच्या पलंगाकडं गेली.

मग ती पुन्हा माझ्याकडं वळली.

"मी बरी आहे," म्हणाली. "जाय तू. गाडी चुकेल."